‘प्रेस डबल मारतेय’: भोसरीतल्या एका प्रेस शॉपचं प्रकरण

कारखान्याचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही. ओळख पटू नये म्हणून काही तपशीलही बदलले आहेत. घटनांचा क्रम मात्र जसा होता तसाच ठेवला आहे, कारण या प्रकरणात क्रमालाच महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

भोसरी एमआयडीसीतली एक शेड. आत अकरा पॉवर प्रेस, म्हणजे पत्रा दाबून कापणारी-वाकवणारी यंत्रं, दहा टनापासून दीडशे टनापर्यंतच्या दाबाची. ब्रॅकेट, क्लॅम्प, वॉशर असा किरकोळ दिसणारा पत्र्याचा माल निघतो. तो आधी एका मोठ्या पुरवठादाराकडे जातो आणि तिथून चाकणला गाड्यांच्या लाइनवर. माणसं एकशेदहाच्या आसपास, त्यांतली निम्म्याहून जास्त ठेकेदाराची. कायम कामगारांत खेड-जुन्नरकडचे जुने लोक आणि मागाहून लातूर-बीडकडून आलेले. ठेकेदाराच्या पोरांत बहुतेक बिहार आणि उत्तर प्रदेशचे. राहायला बालाजीनगर, लांडेवाडी, मोशी. शेडमध्ये भाषा तीन: मराठी, हिंदी आणि प्रेसच्या धडाडीत काहीच ऐकू येत नाही म्हणून हातवारे.

सुरक्षा अधिकारी नव्हता. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमातलं कलम ४०-ब साधारणपणे १,००० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्याला तो नेमायला लावायचं. शंभर-सव्वाशे माणसांची शेड त्यात येत नव्हती. मग सुरक्षा हे काम एचआरच्या माणसाकडे येतं. तोच हजेरी बघतो, ईएसआयची कार्डं काढतो, कँटीनवाल्याशी भांडतो आणि ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, सगळ्यांना रांगेत उभं करून शपथ देतो. शपथेचा फोटो ग्राहकाच्या ऑडिटमध्ये लागतो.

पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी एक खुलासा. आमच्याकडे कारखान्यांची आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. बुधवारची रात्र म्हणजे आठवड्याची शेवटची पाळी, राहिलेला माल त्या रात्रीच निघायला हवा. आणि मशीनचं जे काही दुखणं असेल ते ‘गुरुवारी उघडून बघू’ म्हणून ढकललं जातं. हा गुरुवार पुढे पुन्हा येणार आहे.

मला मालकांनी बोलावलं ते पोस्टर करून द्यायला. ‘कामगार बोलतच नाहीत हो, काही झालं की नंतर कळतं. त्यांनी बोलावं असं काहीतरी झकास लावू या भिंतीवर,’ असं ते फोनवर म्हणाले. भिंतीवर आधीच बरंच काही होतं. त्यातलं ‘सेफ्टी फर्स्ट’ डिस्पॅचच्या दारावर होतं, म्हणजे माल बाहेर पडताना शेवटी दिसणारं.

बुधवारची रात्र

दुसरी पाळी साडेतीन ते बारा. सव्वाअकराच्या सुमारास चार नंबरच्या प्रेसवर, पन्नास टनी जुन्या सी-फ्रेमवर, ठेकेदाराचा एक पोरगा काम करत होता. कागदोपत्री तो हेल्पर, प्रत्यक्षात सात महिने ऑपरेटर. त्यानं पायडल दाबलं, रॅम, म्हणजे वरून घाव घालणारा भाग, खाली आला, नग कापला गेला, रॅम वर गेला. नग उचलायला त्यानं चिमटा डायमध्ये, म्हणजे खालच्या साच्यात, घातला. पायडलवर पाय नव्हता. रॅम परत खाली आला.

चिमटा चेपला, पंचाचा, म्हणजे रॅमला लावलेल्या कापणाऱ्या तुकड्याचा, कोपरा उडाला. पोराच्या हातमोज्याचं टोक फाटलं, आत नखालाही काही झालं नाही. चिमटा ॲल्युमिनियमचा असता तर डायही वाचली असती, पण तो टूल रूममध्ये लोखंडी पट्टी वाकवून केलेला होता. एरवी टार्गेट गाठायला पोरं चिमटा बाजूला ठेवून हातानंच नग काढतात. त्या रात्री तो चिमटा का वापरत होता, हे मी त्याला विचारलं. ‘डर लग रहा था,’ इतकंच म्हणाला.

ही प्रेस अशी का वागली हे समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. जुन्या यांत्रिक प्रेसला की-क्लच असतो. फ्लायव्हील, म्हणजे जड चाक, सतत फिरत असतं. पायडल दाबलं की एक चावी फ्लायव्हीलला रॅम हलवणाऱ्या क्रँकशी जोडते, रॅम एक पूर्ण फेरा मारतो आणि वर पोचल्यावर लॅच त्या चावीला बाहेर ढकलते. चावीचा कोपरा झिजला किंवा लॅचची स्प्रिंग तुटली की चावी सुटत नाही. मग कुणी न सांगता दुसरा फेरा होतो. एकदा फेरा सुरू झाला की या क्लचला मधे थांबवता येत नाही, तो पुराच होतो. कामगार याला ‘प्रेस डबल मारते’ म्हणतात.

सुपरवायझरनं मेन स्विच बंद केला, पोराला बाकावर बसवलं, पाणी दिलं. दुखापत नाही. कामगार ४८ तास कामावर येऊ शकला नाही तर अपघाताची सूचना द्यावी लागायची, इथे तो पुढच्याच पाळीला यायला तयार होता. त्यामुळे कारखान्याच्या कागदावर त्या रात्रीची नोंद एकच झाली: ‘चार नंबर, डाय डॅमेज’. शुक्रवारी सकाळी एचआरनं पोराच्या नावे मेमोचा मसुदाही केला होता, निष्काळजीपणानं टूल खराब केल्याचा. मी पोचलो तेव्हा तो सहीसाठी टेबलावर होता.

समस्या: सांगितलं होतं, तीनदा

मेमोवर सही करू नका, एवढी एकच गोष्ट मी पहिल्या तासात मागितली आणि मालकांनी ती दिली. मग पोराशी, सुपरवायझरशी आणि ‘मामां’शी वेगवेगळं बोललो. मामा म्हणजे डाय सेटर, प्रेसवर डाय बसवणारे. त्यांची हयात या शेडमध्ये गेलेली, सगळे त्यांना मामाच म्हणतात, मालकसुद्धा.

कामगार बोलत नाहीत हे मालकांचं म्हणणं पहिल्याच दिवशी खोटं ठरलं. पोरगा आदल्या शुक्रवारपासून बोलत होता.

शुक्रवारी त्यानं सुपरवायझरला सांगितलं, ‘सरजी, चार नंबर डबल मार रहा है.’ सुपरवायझरनं मान हलवली आणि रिजेक्शनच्या, म्हणजे बाद नगांच्या वहीत लिहिलं: चार नंबर, डबल हिट, ३ नग. मी ती वही पाहिली. प्रेस शॉपमध्ये ‘डबल हिट’ला दुसराही अर्थ आहे. नग डायमध्येच राहिला आणि त्याच्यावर दुसरा घाव बसला तर त्या नगाला डबल हिट म्हणतात. तो क्वालिटीचा दोष आहे. म्हणजे प्रेसबद्दलची तक्रार नगाबद्दलची तक्रार म्हणून नोंदली गेली, क्वालिटीच्या पोरीनं तीन नग लाल डब्यात टाकले आणि विषय संपला.

सोमवारी त्यानं ठेकेदाराच्या माणसाला सांगितलं. पाळीला हजेरी घ्यायला येतो तो. उत्तर मिळालं की जास्त बोललास तर दुसऱ्या कंपनीत टाकीन, तिथे बारा तास आहेत.

मंगळवारी त्यानं मामांना सांगितलं आणि मामांना लगेच कळलं. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत कव्हर काढलं, स्प्रिंग सैल दिसली, तारेनं आवळली, ग्रीस मारलं. दोन दिवस निघतील, गुरुवारी उघडू, असं त्यांनी मनाशी ठरवलं. कुणाला सांगितलं नाही. विचारल्यावर म्हणाले, ‘सांगून काय झालं असतं? साहेब म्हणाले असते गुरुवारी करा. मीच म्हटलं गुरुवारी.’

इथे मी थोडा थांबलो, कारण सुरुवातीला मला हे सरळ भाषेचं प्रकरण वाटलं होतं. बिहारी पोरगा, मराठी सुपरवायझर, एका शब्दाचे दोन अर्थ. प्रशिक्षणात सांगायला सुरेख गोष्ट. पण मामांना शब्द बरोबर कळूनही प्रेस चालूच राहिली. शब्दाचा घोळ मिटला असता तरी बुधवारची रात्र टळलीच असती असं नाही.

सुपरवायझरशी दुसऱ्यांदा बोललो तेव्हा हे आणखी उघड झालं. पहिल्या वेळी तो केबिनमध्ये होता, समोर प्रॉडक्शन मॅनेजर. ‘मला वाटलं नगाचं सांगतोय,’ म्हणाला. दुसऱ्या वेळी आम्ही गेटबाहेरच्या टपरीवर उभे होतो. त्यानं अर्धा चहा झाल्यावर आपणहून विषय काढला. ‘खरं सांगू का? शुक्रवारी नव्हतं कळलं. सोमवारी मी स्वतः बघितलं, एकदा आपोआप पडली. पण लिहू कुठं? साडेनऊच्या मीटिंगमध्ये एकच वही उघडतात, रिजेक्शनची. तिच्यात लिहिलं तर कुणीतरी वाचेल म्हणून परत तिच्यातच लिहिलं.’

मी परत जाऊन वही पाहिली. सोमवारच्या पानावर होतं: चार नंबर, डबल हिट, १ नग. सोमवारी चार नंबरवरून लाल डब्यात एकही नग गेला नव्हता.

म्हणजे त्यानं सांगितलं होतं, त्याला ठाऊक असलेल्या एकमेव वाटेनं. आणि मशीन बंद का केली नाही? सहा महिन्यांपूर्वी त्यानं दोन नंबर तासभर बंद ठेवली होती, बेअरिंगचा आवाज येतो म्हणून. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर प्रश्न आला: ‘बंद करायची कुणाला विचारून केली?’ बेअरिंग खरंच गेलं होतं, हे नंतर कुणी बोललं नाही. माणूस एकदाच शिकतो अशा गोष्टी.

तेव्हा समस्या अशी दिसली. एकच बातमी तीन कानांवर पडली. एकानं ती क्वालिटीच्या खणात टाकली, दुसऱ्यानं शिस्तीच्या, तिसऱ्यानं गुरुवारच्या. ‘आत्ता थांबवा’ असा खण कुणाकडेच नव्हता. आणि पोराला तिघांपैकी एकाचंही नीट उत्तर मिळालं नाही. मामांनी स्प्रिंग आवळली हेसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं. बुधवारी तो प्रेसवर बसला तेव्हा तिच्यावर कुणी हात फिरवलाय की नाही, हे न कळताच बसला.

कोणते पर्याय समोर होते

प्रॉडक्शन मॅनेजरचा कल शिस्तीकडे होता. सुपरवायझरला आणि पोराला मेमो, मामांना तोंडी समज. त्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता: धोका माहीत असून मशीन चालवली, याला काहीतरी म्हणायला हवं. माझं उत्तर होतं की या प्रकरणात ज्यांनी ज्यांनी तोंड उघडलं तेवढ्यांनाच मेमो मिळेल. पुढच्या वेळी कुणी सुपरवायझरला काय सांगेल?

दुसरा पर्याय लाइट कर्टनचा, म्हणजे हात आत आला की मशीन थांबवणाऱ्या प्रकाशकिरणांच्या पडद्याचा. मालकांनी पुरवठादाराला बोलावलंही होतं. तो प्रामाणिक निघाला. की-क्लचच्या प्रेसवर लाइट कर्टन लावून उपयोग नाही, म्हणाला, कारण किरणांत हात आला हे कळलं तरी फेरा मधे थांबवता येत नाही. दोन हातांच्या बटणांचंही तेच. बटण न दाबता पडणाऱ्या प्रेसला बटण काय करणार? हे सांगून त्यानं स्वतःची ऑर्डर घालवली.

तिसरा, क्लच बदलून हवेवर चालणारा क्लच-ब्रेक बसवणं. योग्य उपाय, पण खर्च लाखांत आणि अशा जुन्या प्रेस तीन. चौथा, डायच बंदिस्त करणं, म्हणजे पंच आणि डायभोवती पक्की जाळी, पट्टी आत सरकायला फक्त फट आणि नग खालून घसरून बाहेर. हात आत जायला जागाच राहत नाही. त्याच अधिनियमाचं कलम २१ यंत्राच्या धोकादायक भागाला पक्कं कुंपण मागायचं ते हेच. प्रत्येक डायला हे जमत नाही, पण चार नंबरवरच्या चारपैकी तीन डायना जमत होतं.

पाचवा होता सूचनापेटीचा, एचआरचा लाडका. मी विरोध केला, आणि आजही करीन. पेटीत चिठ्ठी टाकणाऱ्याला ती कुणी वाचली का हे कळत नाही. इथलं दुखणं नेमकं तेच होतं.

एक मुद्दा मालकांना मी कायद्याच्या अंगानं सांगितला. १९८७ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम ७-अ भोगवटादारावर, म्हणजे मालकावर, फक्त यंत्र सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी टाकत नव्हतं. माहिती, सूचना, प्रशिक्षण आणि देखरेख हेही त्यात होतं. त्याच दुरुस्तीतलं कलम १११-अ कामगाराला स्वतःच्या सुरक्षेबद्दलची माहिती मागण्याचा हक्क देत होतं. कामगार ठेकेदाराचा आहे म्हणून तो हक्क गळून पडत नव्हता. मालक ऐकून म्हणाले, ‘म्हणजे पोस्टर नको?’ नको म्हटलं.

काय केलं

चार नंबर त्याच दिवशी कुलपात गेली. मेन स्विचला कुलूप, किल्ली मामांच्या गळ्यात. उघडल्यावर चावीचा कोपरा बोटानं जाणवेल इतका झिजलेला निघाला. नवी चावी, नवी लॅच, नवी स्प्रिंग. तीन डायना जाळी. चौथी डाय दुसऱ्या, हवेच्या क्लचच्या प्रेसवर हलवली. हा यांत्रिक भाग दहा दिवसांत संपला आणि त्याबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही.

बोलण्याचा भाग अवघड होता.

सगळ्यांत जास्त वेळ एका निर्णयावर गेला: सुपरवायझरनं कुणालाही न विचारता मशीन बंद करायची की नाही. प्रॉडक्शन मॅनेजरची भीती अशी की पोरं विडी ओढायला मशीन बंद पाडतील. दोन तास चर्चा झाली. शेवटी मामांनी तोड काढली. आपोआप पडणं, वर न थांबणं, जाळी किंवा गार्ड सुटणं आणि शॉक बसणं या चार कारणांसाठी कामगारानं स्वतः थांबायचं, सुपरवायझरनं कुलूप लावायचं, आणि बंद वेळेतले नग त्या पाळीच्या टार्गेटमधून वजा करायचे. बाकी कारणांसाठी आधीसारखंच विचारायचं. ‘वजा करायचे’ या दोन शब्दांवर मॅनेजर अडून बसले होते. मालकांनी त्यांच्याकडे न बघता हो म्हटलं. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यांत महत्त्वाचा निर्णय हाच. टार्गेट तेच ठेवून थांबण्याचा अधिकार देणं म्हणजे जेवायला बोलावून ताट न वाढणं.

मग शब्द. ‘डबल’ हा शब्द फक्त नगासाठी ठेवला. प्रेससाठी मराठीत ‘आपोआप पडली’, हिंदीत ‘अपने आप गिरा’. खूण: मूठ वर करून दोनदा खाली. ही खूण मी शोधलेली नाही, पोरांचीच आहे, ती आधीपासून एकमेकांना तसं सांगत होती. आम्ही ती फक्त सुपरवायझरना शिकवली. असे आठ-नऊ शब्द ठरले, प्रत्येक प्रेसवर रंगवले.

पाळीच्या सुरुवातीचं दहा मिनिटांचं बोलणं आधीही होतं. सुपरवायझर वाचायचा, बाकीचे जांभया द्यायचे. ते बदलून दोन मशीनच्या मधे उभं राहायचं ठरलं आणि सुपरवायझरनं एकच प्रश्न विचारायचा: काल मशीननं काय वेगळं केलं? आधीच्या पाळीचा माणूस जाताना जे सांगेल ते नव्या पाळीच्या माणसानं स्वतःच्या शब्दांत परत म्हणून दाखवायचं. पहिले चार दिवस लोक हसले. शाळेत आल्यासारखं वाटतं, म्हणाले. पाचव्या दिवशी परत म्हणून दाखवताना एकानं सात नंबरच्या जागी नऊ नंबर म्हटलं, तेव्हा हसणं थांबलं.

आणि फळा. पाण्याच्या पिंपाशेजारी, सगळे दिवसातून चारदा जातात तिथे. डाव्या बाजूला मशीन आणि काय झालं, उजव्या बाजूला उत्तर. पाळी संपायच्या आत उजवी बाजू भरायचीच. ‘अजून नाही, पार्ट नाही’ हेही उत्तर चालेल, रिकामी जागा चालणार नाही. नाव लिहायचं नाही. साडेनऊच्या मीटिंगमध्ये रिजेक्शनच्या वहीआधी फळ्याचा फोटो उघडायचा.

मेमो फाडला गेला. मालकांनी पोराला बोलावून ‘तू सांगितलंस ते बरोबर होतं’ असं म्हणावं अशी माझी सूचना होती. त्यांनी केबिनमध्ये न बोलावता मशीनपाशी जाऊन, मोडक्या हिंदीत म्हटलं. पोरगा खाली बघत राहिला. मामा शेजारी उभे होते. मालक गेल्यावर मामांनी त्याच्या पाठीवर एक थाप मारली आणि म्हणाले, ‘पुढच्या वेळी मला सांगितलंस ना, तर मी काय केलं ते मला विचार. नाही सांगितलं तर शिव्या घाल.’

काय झालं

पहिल्या महिन्यात फळा दोनदा पुरला नाही, बाजूला पुठ्ठा लावावा लागला. त्यात निम्मं सुरक्षेचं नव्हतंच: पंखा बंद, संडासात पाणी नाही, कँटीनची डाळ. एचआरला वाटलं फळ्याचा खेळ झाला. मी म्हटलं डाळीचं उत्तर द्या. डाळ सुधारली आणि त्याच आठवड्यात एका हेल्परनं सहा नंबरच्या पायडलवरचं झाकण तुटल्याचं लिहिलं. ते झाकण अनेक महिने तुटलेलं होतं. वरून वस्तू पडून पायडल चुकून दाबलं जाऊ नये म्हणून ते असतं.

चार कारणांसाठी मशीन थांबवण्याच्या घटना पहिल्या तीन महिन्यांत मोजक्याच झाल्या. विडीसाठी एकही नाही, हे मॅनेजरनं स्वतः मान्य केलं. एकदा खोटा इशारा ठरला, आवाज शेजारच्या शेडमधून येत होता. त्या पाळीचे नगही वजा झाले आणि कुणी प्रश्न विचारला नाही. माझ्या दृष्टीनं नव्या नियमाची खरी परीक्षा त्या खोट्या इशाऱ्याच्या वेळी झाली.

दिवाळीच्या आधी मात्र सगळं ढिलं पडलं. ऑर्डर वाढल्या, ओव्हरटाइम लागला, दहा मिनिटांचं बोलणं तीन मिनिटांवर आलं. त्या आठवड्यांत फळ्यावर दोन-तीन ओळी. मशीन अचानक चांगल्या वागायला लागल्या असतील असं नाही. एका सुपरवायझरनं उजवी बाजू पाळी संपताना एकदम भरायला सुरुवात केली होती, सगळीकडे एकच वाक्य: ‘बघतो.’ हे मला उशिरा कळलं, कारण मी फोटोतल्या ओळी मोजत होतो, वाचत नव्हतो.

ज्याच्यामुळे हे सुरू झालं तो पोरगा छठला गावी गेला आणि परत आला नाही. ठेकेदाराचा माणूस म्हणतो तिकडेच लागला. त्यानं सुचवलेला एक बदल, चिमट्याला पट्टा बांधून तो प्रेसलाच अडकवायचा, अजून चालू आहे.

पुन्हा करायचं झालं तर

ठेकेदाराला मी पहिल्या बैठकीला बोलावलं नाही. शेडच्या आतलं प्रकरण आहे असं वाटलं. पण शेडमधली निम्मी माणसं त्याची आणि सोमवारचं उत्तर त्याच्याच माणसानं दिलेलं. दोन महिन्यांनी बोलावलं तेव्हा तो हो-हो म्हणून गेला. त्याच्या कंत्राटातच ‘धोका सांगणाऱ्या कामगाराला या कारणानं हलवायचं नाही’ ही ओळ घालायला हवी होती, आणि ते काम मालकांच्या वकिलाचं होतं, माझ्या बैठकीचं नव्हतं. नूतनीकरण अजून व्हायचंय.

सुपरवायझरला मी पहिल्यांदा मॅनेजरसमोर प्रश्न विचारले, ही दुसरी चूक. त्याच्याकडून खरं कळायला टपरी लागली. आता मी कुठेही गेलो की पहिलं बोलणं केबिनबाहेर करतो.

तिसरं, मामांबद्दल अजून माझं नक्की होत नाही. तार आवळून मशीन चालू ठेवली हे चूकच. पण त्या शेडमध्ये वर्षानुवर्षं हेच कौशल्य मानलं गेलं, यासाठीच त्यांना मान होता. किल्ली त्यांच्या गळ्यात देताना मी विचार केला होता की जबाबदारी आली की सवय बदलेल. बदलली, बरीचशी. पण कुलपाची किल्ली एकाच माणसाकडे ठेवणं बरोबर नव्हतं. एकदा ते आळंदीला गेले असताना नऊ नंबर दीड दिवस उगाच बंद राहिली आणि मॅनेजरला बोलायला जागा मिळाली. आता किल्ल्या दोन आहेत.

आणि गुरुवार. दुरुस्ती गुरुवारी करायची ही पद्धत मी मोडायला हवी होती की नाही, यावर आमच्यात अजून वाद आहे. मालक म्हणतात चालू आठवड्यात मशीन उघडायला माणसं नाहीत. सध्याची तडजोड अशी: त्या चार कारणांपैकी काही असेल तर गुरुवारची वाट बघायची नाही, बाकी सगळं गुरुवारी.

गेल्या खेपेला गेलो तेव्हा फळ्यावर डाव्या बाजूला लिहिलं होतं, ‘तीन नंबर, वर थांबत नाही, थोडी खाली सरकते.’ बँड ब्रेकचा लायनर झिजल्याचं लक्षण. उजव्या बाजूला सुपरवायझरच्या अक्षरात: ‘लायनर सोमवारी येणार. तोवर कुलूप.’ त्यातलं ‘सोमवारी’ कुणीतरी खोडून वर ‘बुधवारी’ लिहिलं होतं, आणि खाली वेगळ्या अक्षरात, हिंदीत: ‘आज बुधवार है.’ मी तीन नंबरपाशी जाऊन पाहिलं. कुलूप लागलेलं होतं.